दुसरी निळी खूण

माझी आत्या उभ्यानं जेवते. ताट ओट्यावर ठेवायचं, एक घास खायचा, खिडकीपर्यंत जाऊन यायचं, मग दुसरा घास. आई आधी रागवायची. पुढे तिनं ओट्याचा तो कोपरा आत्यासाठी मोकळाच ठेवायला सुरुवात केली. "हिच्या पायाला भिंगरी आणि मनगटाला घड्याळ," आई म्हणते, "दोन्ही एकदमच उतरतील तेव्हा खरं."

घड्याळ जुनं आहे, मोठ्या तबकडीचं, सेकंदकाटा लाल. आत्या त्यावर सगळं मोजते. चहाला उकळी यायला किती वेळ, बँकेतल्या रांगेत किती, प्राध्यापक मंडळी एका प्रश्नाचं उत्तर टाळायला किती वेळ घेतात. आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर यायला एकेचाळीस सेकंद घेते, हेही मला तिच्यामुळे ठाऊक आहे. माझ्या बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं.

बाबा तिचा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, डोक्यावर केस नाहीत, तरी आत्या त्यांना 'छोट्या' म्हणते. बाबा तिला ताई म्हणतात आणि लोकांना अभिमानानं सांगतात, "माझी ताई बाँबवर काम करते." हे ऐकल्यापासून समोरच्या काकू आत्या आली की दार लावून घेत. शेवटी आत्याच त्यांच्याकडे गेली.

"काकू, मी बाँब करत नाही. दोन देशांकडे तो आहे, तो चुकून उडू नये म्हणून कागद वाचते."

"मग तुम्ही कागद वाचलेत की तो उडायचा थांबतो का?" काकूंनी विचारलं.

आत्या म्हणते, इतका नेमका प्रश्न तिला कुठल्याही परिषदेत कोणी विचारला नाही.

आमच्या घरात शिकलेलं असं तिच्याआधी कोणी नव्हतं. ती पदार्थविज्ञानात पहिली आली, प्रयोगशाळेत लागली, रडारच्या आकडेमोडीचं काम करू लागली. तिथे एकदा तिच्या कानावर आलं की सीमेवरच्या एका रडारनं हल्ला होतोय असा खोटा इशारा दिला होता आणि थोडक्यात निभावलं. तिनं आपल्या सरांना विचारलं, "समजा तो खरा मानला असता, तर निर्णय घेणाऱ्या माणसाच्या हातात किती वेळ होता?" सर म्हणाले, "ते कोणालाच माहीत नाही, आणि ज्यांना आहे ते सांगणार नाहीत. तू तुझं गणित पूर्ण कर."

तिनं गणित पूर्ण केलं, नोकरी सोडली, आणि विद्यापीठातल्या सुरक्षा अभ्यास केंद्रात अर्ध्या पगारावर रुजू झाली. केंद्र म्हणजे क्रीडा विभागाच्या भांडारावरच्या दोन खोल्या. खाली फुटबॉलमध्ये हवा भरत, वर अण्वस्त्रांवर चर्चा चाले. पंपाचा आवाज इतका येई की पाहुणे वक्ते मध्येच थांबत.

तिथे तिनं स्वतःची एक पद्धत बसवली. बुटांच्या खोक्यांत पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं. एका कार्डावर एकच माहिती. मागच्या बाजूला ती कुठून मिळाली ते, आणि प्रत्येक स्वतंत्र आधारासाठी निळ्या पेन्सिलीची एक खूण. एक खूण असेल तर ती गोष्ट बोलायची, पण 'एका सूत्रानुसार' असं म्हणून. दोन खुणा झाल्या की छापायला मोकळं. आत्याच्या विद्यार्थ्यांना हा नियम पाठ असे. परीक्षेत नापास झालेला एक जण म्हणाला होता, "मॅडम, माझ्या नापास होण्याला अजून एकच खूण आहे." आत्यानं त्याचा पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवला. दुसरी खूणही मिळाली.

आता त्या आकड्याबद्दल.

इशारा देणाऱ्या खोलीत काम केलेले एक अधिकारी निवृत्त होऊन गावाबाहेर कुंड्यांतली झाडं वाढवत होते. आत्या त्यांच्याकडे सहा वेळा गेली. पाच वेळा त्यांनी फक्त झाडं दाखवली. सहाव्या वेळी, पाणी घालता घालता, तिच्याकडे न बघता म्हणाले, "अकरा." मग थोड्या वेळानं, "मिनिटं. आता जा." घंटा वाजल्यापासून सगळे सोपस्कार होऊन, निर्णय घेणाऱ्याच्या हातात उरतात ती अकरा मिनिटं.

पहिली निळी खूण. आत्यानं एका बंद दाराआडच्या परिसंवादात, चाळीस लोकांसमोर, तो आकडा एका सूत्रानुसार म्हणून वाचला. दोन वर्षांनी त्या खोट्या इशाऱ्यावरच्या सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल आला. त्यात छापलं होतं, 'सुमारे अकरा मिनिटे'. त्या दिवशी ती आमच्याकडे आली आणि खुर्चीत बसून, पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत, पूर्ण जेवली. बाबा अजून ती गोष्ट सांगतात, ग्रहण लागलं होतं अशा थाटात.

दुसरी खूण मिळाली आणि आकडा सुटला. पाठ्यपुस्तकांत गेला, वर्तमानपत्रांत गेला, शांतता मोर्च्यातल्या फलकांवर गेला. एका वर्षी तर टी-शर्टवर आला. आत्याचं नाव पडलं 'अकरा मिनिटंवाल्या बाई'. केंद्र टिकलं ते त्या नावावर. आणि तिच्या एकसष्टाव्या वर्षी त्या आकड्यावर दोन देशांचा करार उभा राहू लागला. इशारा आला तर आधी पलीकडे फोन करायचा आणि उत्तरासाठी सहा मिनिटं थांबायचं, तोवर कोणतंही पाऊल नाही. सहा कशी? अकरातली पाच आपल्या यंत्रांची फेरतपासणी करायला आणि फोन जोडायला, उरली सहा. मसुद्याच्या तळटिपेत आत्याचं नाव होतं. संसदीय समितीनं तिला साक्षीला बोलावलं. तारीख ठरली, गुरुवार.

त्याच्या आठ दिवस आधी, बुधवारी, ती अभिलेखागारात गेली. आयोग नेमल्याला तीस वर्षं झाली म्हणून त्याच्या फायली खुल्या झाल्या होत्या. तिला फक्त साक्षीत वापरायला एखादं चांगलं वाक्य हवं होतं. तिथे पिशवी कपाटात ठेवावी लागते, शाईचं पेन आत नेता येत नाही, आणि फाईल मऊ उशीवर ठेवून वाचायची. आत्या अर्थातच उभ्यानं वाचत होती. अहवालाचा कच्चा मसुदा निघाला. 'सुमारे अकरा मिनिटे' या शब्दांपाशी समासात कोणा कारकुनानं सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'आधार: सोबतचा निबंध, पान चार.' सोबत एक झेरॉक्स होती. पान चारवर चहाच्या कपाचा गोल डाग.

तो डाग आत्याच्या कपाचा होता. निबंध तिचाच, परिसंवादातला.

आयोगानं कोणाला विचारलंच नव्हतं. त्यांनी आकडा तिच्याकडून घेतला होता आणि तिनं तो आयोगाकडून परत घेऊन त्यावर दुसरी खूण केली होती. मी मोजमापाची यंत्रं तपासण्याचं काम करते. माईक स्वतःच्याच स्पीकरसमोर धरला की जी शिट्टी वाजते, ती मला ओळखू येते. ही तीच होती, फक्त अठ्ठावीस वर्षं वाजत होती आणि सगळे तिला संगीत समजत होते.

दुसऱ्या दिवशी आत्या त्या अधिकाऱ्यांकडे गेली. ते आता नव्वदीत होते, झाडं उरली होती तीन. तिनं मला गाडी चालवायला नेलं होतं. कारण सांगितलं नाही. "तुझा ब्रेक चांगला आहे" एवढंच म्हणाली.

"साहेब, तुम्ही मला अकरा सांगितलं होतं. ते कुठल्या दिवसाचं?"

"सरावाच्या."

"सरावाच्या म्हणजे?"

"म्हणजे सरावाच्या, बाई. वर्षातून एकदा व्हायचा. आधी पत्र यायचं, अमुक तारखेला सकाळी दहा वाजता. सगळे नऊपासून खुर्चीत. मंत्री शेजारच्या खोलीत चहा पीत. दहाला घंटा. अकरा मिनिटं उरली. टाळ्या वाजल्या."

आत्या कुंड्यांच्या मधून फेऱ्या मारू लागली. "आणि खऱ्या दिवशी?"

"खरा दिवस मी एकच बघितला. त्या दिवशी घड्याळ बघायला सवड कोणाला होती?"

"तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं, की हे सरावाचं?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. "तू विचारलंस का, कोण कुठे बसलं होतं ते? तू आकडा मागितलास. मी आकडा दिला."

परतीच्या वाटेवर आत्या प्रत्येक सिग्नलला घड्याळ बघत होती.

शुक्रवारी ती विभागप्रमुखांकडे गेली. ते तिचेच विद्यार्थी, अजून तिला पाहून उभे राहतात. तिनं सगळं सांगितलं. ते खाली बसले ते बसलेच.

"मॅडम, आकडा चुकीचा आहे असं तर कुठे सिद्ध झालंय?"

"बरोबर आहे असंही नाही."

"सहा मिनिटं थांबण्याचं कलम आणायला दोन वर्षं गेली. ज्यांना हा करार नकोय ते टपून बसलेत. तुम्ही गुरुवारी तोंड उघडलंत की ते नाचतील. म्हणतील, बघा, यांच्याच पायाखाली जमीन नाही. एक साधी सुधारणा नंतर तुमच्या नव्या पुस्तकात देता येईल ना? तळटिपेत?"

"आणि सहा मिनिटं हातात नसतीलच तर? माणूस फोन कानाला लावून थांबेल, की करार मोडेल?"

"असतीलही."

"असतीलही," आत्या म्हणाली. तिचं सगळं आयुष्य ज्या शब्दाशी भांडण्यात गेलं, तो शब्द तिच्या सर्वांत आवडत्या विद्यार्थ्यानं तिच्यापुढे ठेवला होता. आणि तो मूर्ख नव्हता, भित्राही नव्हता. तिला त्रास झाला तो त्याचाच.

शनिवार-रविवार ती आमच्याकडे होती. ओटा ते खिडकी, खिडकी ते दार. आईनं चपला काढून ठेवल्या तर अनवाणी. सफरचंद अर्धं खाऊन टेबलावर, मग दुसरं अर्धं. बाबा पेपर वाचत होते, शेवटी त्यांनी तो खाली ठेवला.

"ताई, फरशी झिजतेय. काय ते बोल."

तिनं सांगितलं. बाबा ऐकत राहिले आणि मग हसायला लागले.

"हसतोस काय, छोट्या?"

"अगं, आमच्याकडे हे दर महिन्याला होतं! मी नवीन लागलो तेव्हा नऊ मजली इमारतीची लिफ्ट माझ्याकडे होती. रजिस्टरात रकाना होता, ब्रेक तपासला, घसरण किती. मागच्या महिन्यात लिहिलेलं, बारा मिलिमीटर. मीही लिहिलं, बारा. एक दिवस सहज मागची पानं चाळली. बारा, बारा, बारा. चार वर्षं बारा. माझ्या आधीच्यानं त्याच्या आधीच्याचं बघून लिहिलेलं, आणि त्याच्या आधीचा तर मरून गेलेला. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मग काय केलंस?"

"लिफ्ट बंद केली. तीन दिवस. सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यात तूही आलीस."

"आणि घसरण किती निघाली?"

बाबा जरा ओशाळले. "बारा."

"काय?"

"बाराच निघाली. ब्रेक ठणठणीत होता. साहेबांनी मला फैलावर घेतलं."

आत्या थांबली. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच. "म्हणजे तू उगाच बंद केलीस."

"उगाच कशी? त्यानंतरच्या महिन्यात मी बारा लिहिलं ना, ते मला माहीत होतं म्हणून लिहिलं." बाबांनी पेपर परत उचलला. "तुझं तू बघ बाई. तुझी इमारत मोठी आहे."

सोमवारी तिनं छापखान्याला फोन करून आपलं पुस्तक थांबवलं. त्याच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात 'अकरा' होतं.

गुरुवारची साक्ष जनतेला खुली होती. मी मागे बसले होते. खोलीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, वातानुकूलन इतकं की सदस्य हात चोळत होते. साक्षीदारानं बसून बोलायचं असतं. आत्यानं अध्यक्षांना विचारलं, उभी राहू का? ते म्हणाले, जशी आपली सोय.

तिनं लिहून आणलेलं वाचलं नाही. कार्ड काढलं, पुढची बाजू दाखवली, मागची दाखवली. "या दोन खुणा आहेत. यातली दुसरी माझीच सावली आहे. पहिली सरावाच्या दिवसाची आहे. हा आकडा तुमच्या मसुद्यात माझ्या नावावर आहे. तो काढा."

अध्यक्षांनी कार्ड मागून घेतलं आणि दोन्ही बाजू वाचल्या. त्याला किती वेळ लागला, ते तिनं मोजलं असेल. मी मोजायला विसरले.

"मग खरा आकडा किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

एक सदस्य पुढे झुकले, कराराच्या विरोधातले. "बाई, अठ्ठावीस वर्षं तुम्ही देशाला अकरा सांगितलं. आज म्हणता माहीत नाही. उद्या नऊ म्हणाल."

"काहीच म्हणणार नाही. तुम्ही मोजा."

"म्हणजे करार नकोच, असं तुमचं मत?"

"करार हवा. पण थांबायला वेळ आहे का हे न बघता थांबायचं वचन देऊ नका. मोजा. आधी पत्र न पाठवता मोजा. सुटीच्या दिवशी, मंत्री अंघोळीला गेले असताना घंटा वाजवा."

हशा झाला. आत्या हसली नाही. "मी विनोद करत नाहीये. साबण लागलेला असताना माणूस किती मिनिटांत फोनवर येतो, यावर तुमचं कलम उभं आहे."

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'अकरा मिनिटंवाल्या बाईंची माघार'. कराराची बैठक पुढे ढकलली गेली. विभागप्रमुख म्हणाले होते तसे विरोधक नाचले. दूरचित्रवाणीवर एकानं तिला 'शून्य मिनिटंवाल्या बाई' म्हटलं. केंद्राच्या दोन खोल्यांतली एक क्रीडा विभागानं मागितली आणि ती मिळालीही, आता आत्याच्या खोक्यांशेजारी टेबल-टेनिसची दोन टेबलं घडी करून ठेवलेली असतात. विभागप्रमुख तिला पाहून अजून उभे राहतात, पण बोलत नाहीत. आत्या म्हणते, रागावण्याचा त्याला हक्क आहे. आणि हे म्हणताना टेबलावरचा कागद चार वेळा सरळ करते.

चार महिने तिनं नुसते काढले. म्हणजे, सगळ्या खोक्यांतली कार्डं परत तपासत. प्रत्येक दुसऱ्या खुणेमागे कोण आहे, आणि त्याच्या मागे कोण. सहाशे कार्डांतल्या एकवीस खुणा तिनं खोडल्या. मला फोन करून सांगायची, "आज दोन गेल्या." जसं कोणी दात पडल्याचं सांगावं.

मग एका दुपारी ती आमच्याकडे आली. हातात समितीचं पत्र होतं. दोन ओळी: मोजमाप करण्यात आले आहे, निष्कर्ष गोपनीय असल्याने कळवता येत नाहीत, आपल्या सहकार्याबद्दल आभार. आणि त्याच दिवशीच्या पेपरात कराराचा नवा मसुदा छापून आला होता. कलम होतं. फोन होता. थांबण्याचा काळ होता दीड मिनिट.

आई हातातला डबा घेऊन तशीच उभी राहिली. "सहाचं दीड?"

"पाच मिनिटं तयारीला तीच धरली असतील," आत्या ओट्याच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं आकडे मांडत म्हणाली, "तर सगळी मिळून साडेसहा होतात. पण ती पाचसुद्धा बदलली असतील. किंवा काही हातचे राखले असतील."

"म्हणजे अकरा नव्हतीच," मी म्हटलं. "आत्या, तू बरोबर केलंस."

"कशावरून?" तिनं पेन्सिल माझ्याकडे रोखली. "ही वजाबाकी आहे. वजाबाकी म्हणजे आधार नाही."

"ताई, पण मोजलं ना त्यांनी," बाबा म्हणाले. "तेवढंच तर हवं होतं तुला."

"त्यांनी मोजलं. खरंच आधी पत्र न पाठवता मोजलं का?" ती खिडकीपर्यंत गेली, परत आली. "आयोगाचा तो कारकून आहे ना, समासात लिहिणारा. पत्ता मिळालाय त्याचा. नंतर समितीच्या कचेरीत होता, निवृत्त झालाय. आकडा नाही सांगणार तो. पण पत्र गेलं होतं की नाही, एवढं कोणाकडून विचारायचं ते तरी सांगेल. गाडी चार वीसला आहे."

"जेवून जा," आई म्हणाली.

"जेवले की." ताटातले तीन घास गेले होते.

तिनं नवं कार्ड काढलं. पुढच्या बाजूला काहीच लिहिलं नाही. मागच्या बाजूला पत्राची तारीख आणि क्रमांक लिहिला, निळी पेन्सिल उचलली, क्षणभर धरली आणि खूण न करता पिशवीत टाकली. चपला तिनं काढल्याच नव्हत्या.

लिफ्ट खाली होती. ती थांबली नाही, जिन्यानंच उतरली. आम्ही तिघं दारात उभे राहून पावलांचा आवाज ऐकत होतो. फाटक वाजलं तेव्हा बाबा म्हणाले, "तीस सेकंद. लिफ्टपेक्षा लवकर."

"मोजलंत?" मी विचारलं.

"छे. अंदाज."

आईनं ताट झाकून ठेवलं. मी मोबाईलमधलं घड्याळ उघडून जिन्याच्या तोंडाशी गेले. "मी सुरू म्हटलं की तुम्ही उतरा," बाबांना म्हटलं, आणि ते कुरकुरत चपला शोधू लागले.